नाकेबंदी कुणाची आणि कुणावर?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतातून येणाऱ्या मालावरील जकातीचा बोजा दोन टप्प्यांत ५० टक्क्यांवर नेऊन ठेवला. त्यांपैकी पहिले २५ टक्के व्यापारातील असमतोलाच्या नावाने आले. २७ ऑगस्टपासून लागू झालेले दुसरे २५ टक्के मात्र भारत रशियाकडून खनिज तेल विकत घेतो या 'अपराधा'ची शिक्षा म्हणून जाहीर झाले. तिसऱ्या देशाशी व्यापार केल्याबद्दल एका सार्वभौम देशाला दंड ठोठावणे याला जकात म्हणणे हा केवळ शब्दांचा खेळ आहे. वॉशिंग्टनमध्ये काढलेला हुकूम सागरापलीकडच्या भूमीवर लागू करण्याचा हा प्रकार होता, आणि त्याचे खरे नाव व्यापारी निर्बंध हेच आहे.

हा दंड कुणी भरला? रशियाचे सवलतीतले तेल शुद्ध करून विकणाऱ्या कंपन्यांनी तो भरला नाही. तेल स्वस्त मिळाले तेव्हा पेट्रोल पंपावर उभ्या राहणाऱ्या सामान्य माणसाच्या वाट्याला त्या सवलतीतले फारसे काही आले नव्हते. दंड मात्र लखनौच्या चौकातल्या व आसपासच्या खेड्यांतल्या चिकनकारी करणाऱ्या स्त्रिया, भदोहीचे गालिचे विणणारे, कानपूरच्या चामड्याच्या कारखान्यांतले कामगार, मुरादाबादचे पितळकाम करणारे, सुरतेचे हिरे घासणारे आणि सोलापूरच्या यंत्रमागावर टॉवेल विणणारे यांच्या दारात येऊन उभा राहिला. चिकनकारी करणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया घरी बसून नगावर मजुरी घेतात. त्यांच्या हाती ना हजेरीपट असतो, ना भविष्य निर्वाह निधी. परदेशातली मागणी थांबली की व्यापारी दलालाला थांबवतो आणि दलाल कापड देणे थांबवतो. कामावरून काढल्याची नोटीस तिला कुणी देत नाही, कारण ती कामावर आहे हेच कुठल्या कागदावर लिहिलेले नसते. पुढे जकातीचे दर चढले की उतरले हा वाटाघाटींच्या मेजावरचा विषय आहे. परंतु जो रोज एकदा बुडाला तो कोणत्याही करारनाम्याने परत येत नाही.

या प्रसंगाने एक जुनाच प्रश्न नव्याने पुढे आणला आहे. व्यापारी निर्बंध हे हत्यार मुळातच त्याज्य आहे काय? की ते कुणाच्या हाती आहे आणि कुणावर चालते यावर त्याचा न्याय ठरतो? देशातल्या कामगार चळवळीने दक्षिण आफ्रिकेच्या वंशद्वेष्ट्या राजवटीवर निर्बंध लादण्याची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली होती. तीच चळवळ क्यूबावरील निर्बंधांचा कडाडून निषेध करीत आली आहे. विरोधकांना यात विसंगती दिसते. ती का नाही, हे समजून घेण्यासाठी लखनौच्याच इतिहासाकडे वळावे लागेल.

एप्रिल १९३६ मध्ये लखनौ हे देशाच्या राजकारणाचे केंद्र बनले होते. जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याच दिवसांत, त्याच शहरात, स्वामी सहजानंद सरस्वतींच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय किसान सभेचा जन्म झाला. प्रगतिशील लेखक संघाची पहिली अखिल भारतीय परिषदही तेथेच भरली आणि तिचे अध्यक्षस्थान प्रेमचंदांनी भूषविले. ऑगस्टमध्ये ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशनची स्थापनाही लखनौलाच झाली. शेतकरी, लेखक आणि विद्यार्थी यांच्या संघटित चळवळी एकाच वर्षी एकाच शहरातून उभ्या राहिल्या. साम्राज्यवादविरोधी लढ्याचा पाया रुंदावत असल्याची ती खूण होती.

त्या वेळी मुसोलिनीच्या फौजा अबिसीनियाच्या राजधानीच्या रोखाने निघाल्या होत्या. ऑक्टोबर १९३५ मध्ये सुरू झालेल्या या आक्रमणात विषारी वायूचाही वापर झाला. नेहरूंनी अध्यक्षीय भाषणात फॅसिझम आणि साम्राज्यवाद ही ऱ्हास पावणाऱ्या भांडवलशाहीचीच दोन रूपे असल्याचे मांडले. अबिसीनियाचा लढा हा सर्व शोषित राष्ट्रांच्या स्वातंत्र्यलढ्याचाच भाग आहे, असा ठराव लखनौ काँग्रेसने केला, आणि बड्या राष्ट्रांच्या व राष्ट्रसंघाच्या धोरणाचा त्यात निषेधही केला. येथेच खरी मेख आहे. इटलीवर निर्बंध लादणाऱ्या राष्ट्रसंघाचाच निषेध लखनौने का करावा?

त्या निर्बंधांचे स्वरूप पाहिले की याचा उलगडा होतो. १८ नोव्हेंबर १९३५ पासून पन्नासाच्या आसपास राष्ट्रांनी इटलीशी व्यापार तोडल्याचे जाहीर केले. शस्त्रास्त्रे, कर्जे, इटलीतून होणारी आयात, तसेच रबर, कथील अशा काही वस्तूंची निर्यात बंद झाली. निर्बंधांचा मसुदा कायद्याच्या दृष्टीने चोख होता. इटलीच नव्हे, तर तिच्या ताब्यातील सागरापलीकडचे प्रदेश, म्हणजे लिबिया, एरिट्रिया व सोमालीलँड, हेही त्यात समाविष्ट होते. परंतु ज्या एका वस्तूवाचून इटलीचे रणगाडे, मालमोटारी आणि विमाने जागच्या जागी थांबली असती, ते खनिज तेल यादीत नव्हते. कोळसा आणि पोलाद हेही नव्हते. सुवेझ कालवाही मोकळाच होता, आणि कालव्याच्या कंपनीला जकात भरून इटलीची सैन्यवाहू जहाजे त्यातून बिनदिक्कत जात होती. डिसेंबर १९३५ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी अबिसीनियाचे लचके तोडून इटलीला देण्याची गुप्त योजना आखली, ती बाहेर फुटली तेव्हा तर सारा बुरखाच फाटला. सोव्हिएत संघाने राष्ट्रसंघात निर्बंधांना पाठिंबा दिला होता. तरीही तेलावर बंदी नसल्यामुळे त्याचे तेलही इटलीला जात राहिले, ही वस्तुस्थिती झाकण्याचे कारण नाही. ५ मे १९३६ रोजी आडिस अबाबा पडले. ३० जून रोजी सम्राट हेले सेलासी यांनी जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभे राहून न्याय मागितला. त्यानंतर दोन आठवड्यांत, १५ जुलै रोजी, निर्बंध उठविण्यात आले. आक्रमकाला शिक्षा मिळाली नाही, बळी पडलेल्यालाच शिक्षा झाली.

यात भारताचे स्थान काय होते? भारत राष्ट्रसंघाचा सदस्य होता. पण त्याचे प्रतिनिधी भारतीय जनता निवडत नसे, ते ब्रिटिश सरकार पाठवी. इटलीशी भारताचा व्यापार ब्रिटनच्या निर्णयाने बंद झाला आणि ब्रिटनच्याच निर्णयाने पुन्हा सुरू झाला. अबिसीनियाविषयी भारतीय जनतेच्या मनात खरीखुरी सहानुभूती होती, पण तिला व्यापाराच्या बाबतीत काडीचाही अधिकार नव्हता. एका साम्राज्याने आपल्या सागरपार प्रदेशांना निर्बंधात ओढले आणि दुसऱ्या साम्राज्याच्या सागरपार प्रदेशांवर ते निर्बंध लादले. भारतीय शेतकऱ्याला किंवा एरिट्रियाच्या मेंढपाळाला, या दोघांपैकी कुणालाही कुणी काही विचारले नाही. लखनौच्या ठरावाचा रोख नेमका या ढोंगावर होता.

लखनौच्या अधिवेशनातून आणखी एक गोष्ट निष्पन्न झाली. त्यानंतर काँग्रेसने अलाहाबादला परराष्ट्र विभाग उघडला आणि त्याची जबाबदारी अवधच्याच अकबरपूरचे तरुण राममनोहर लोहिया यांच्याकडे दिली. गुलाम देशाने स्वतःचे परराष्ट्र धोरण आखण्याचा तो प्रयत्न होता. त्याचे फळ लवकरच दिसले. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर ऑक्टोबर १९३७ मध्ये कलकत्त्याला अखिल भारतीय काँग्रेस समितीने जपानी मालावर बहिष्कार टाकण्याची हाक दिली. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर हे होते. कोटणीसांनी तिथेच देह ठेवला. सरकारी निर्बंध आणि जनतेचा बहिष्कार यांतला फरक येथे स्पष्ट होतो. तो बहिष्कार कोणत्याही गव्हर्नर जनरलच्या सहीने आला नव्हता. ज्यांनी तो पाळला त्यांनी स्वतःच्या खिशाला तोशीस लावून घेतली होती. स्वदेशी आणि बहिष्कार यांची १९०५ पासूनची जी परंपरा महाराष्ट्राला ठाऊक आहे, तीच आता दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी वापरली जात होती.

१९४६ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. भारताचे स्वातंत्र्य तेव्हा एक वर्ष दूर होते. वंशभेदाविरुद्ध असे पाऊल उचलणारा भारत हा पहिला देश होता, आणि त्याच्या निर्यातीचा लक्षणीय हिस्सा त्यात गेला. महत्त्वाची गोष्ट ही की, पुढे १९५९ मध्ये खुद्द दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या जनतेचे नेते आल्बर्ट लुथुली यांनी जगाला आपल्या देशाच्या मालावर बहिष्कार टाकण्याचे आवाहन केले. ज्यांना त्या बहिष्काराची झळ बसणार होती त्यांनीच तो मागितला होता. पॅलेस्टिनी जनतेच्या संघटनांनी २००५ मध्ये इस्राएलविरुद्ध बहिष्काराची हाक दिली, तिचे नैतिक बळही याच गोष्टीत आहे.

या साऱ्याची महाराष्ट्राला जवळची कसोटी म्हणजे गोवा. १८ जून १९४६ रोजी मडगावला नागरी स्वातंत्र्याचा लढा पुकारणारे लोहियाच होते. लखनौत जे सूत्र हाती आले ते येथे गोव्याच्या मातीत रुजले. पोर्तुगालच्या सालाझारशाहीने त्याला दिलेले उत्तर मोठे धूर्त होते. १९५१ मध्ये पोर्तुगालने आपली राज्यघटना बदलली आणि 'वसाहती' हा शब्दच पुसून टाकला. गोवा, अंगोला, मोझांबिक हे आता म्हणे 'सागरपार प्रांत' झाले. संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाल्यावर पोर्तुगालने ठासून सांगितले की, आपल्याकडे स्वराज्य नसलेला एकही प्रदेश नाही. नाव बदलले की गुलामी संपते, असा हा दावा होता.

१९५४ मध्ये भारतीय गोदी कामगारांनी पोर्तुगीज हद्दीत जाणाऱ्या मालाच्या चढउतारावर बहिष्कार टाकला. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. या भागात आपल्या फौजा पाठविण्याचा हक्क मिळावा म्हणून पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. एप्रिल १९६० मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या वाहतुकीचा हक्क पोर्तुगालला होता, पण सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे नेण्याचा नव्हता. आणि भारताने आपले कोणतेही बंधन मोडलेले नाही. सागरपार प्रदेशावर हुकमत चालविण्यासाठी शेजाऱ्याच्या भूमीतून बंदुका नेण्याचा अधिकार वसाहतवाद्याला नाही, हे जागतिक न्यायपीठाकडूनच सिद्ध झाले.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेवर चालून गेले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबच्या इसरू गावचे तरुण शिक्षक करनैलसिंग पत्रादेवीला धारातीर्थी पडले. वीसहून अधिक सत्याग्रही त्या दिवशी हुतात्मा झाले. नेहरू सरकारने सत्याग्रहींच्या पाठीशी उभे राहण्याऐवजी सत्याग्रहालाच बंदी केली आणि आर्थिक नाकेबंदी आवळली. मुरगाव ते कॅसलरॉक हा लोहमार्ग ओस पडला. मुंबईत राबणाऱ्या गोमंतकीयांना गावाकडे पैसे पाठविणे कठीण झाले. गिरण्यांत, आगबोटींवर, हॉटेलांत काम करणाऱ्या हजारो कुटुंबांची ताटातूट झाली.

या नाकेबंदीने सालाझार झुकला काय? नाही. पाकिस्तानातून तांदूळ, हॉलंडमधून बटाटे, जपानमधून सिमेंट असा माल मुरगावला उतरू लागला. दाबोळीला विमानतळ उभा राहिला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोव्याचे लोहखनिज जपान व पश्चिम जर्मनीकडे वाढत्या प्रमाणात जात राहिले. नाकेबंदीच्याच वर्षांत ही निर्यात अनेक पटींनी वाढली. खाणमालक गब्बर झाले, चोरट्या व्यापाराला ऊत आला, आणि रेंदेर, कुळे, मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगणारी म्हातारी माणसे यांची चूल मात्र मंदावली. १९३५ मध्ये इटलीसाठी तेलाचे दार उघडे होते, १९५५ नंतर पोर्तुगालसाठी लोहखनिजाचे दार उघडे राहिले. नाकेबंदीच्या जोडीला जनतेचा लढा जोरात चालला असता तर ती त्याला पूरक ठरली असती. लढ्याची जागा घेणारा पर्याय म्हणून ती वापरली गेली तेव्हा ती केवळ कालहरणाचे साधन बनली. गोवा अखेर डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला, तोवर साडेचारशे वर्षांच्या गुलामीत आणखी सहा वर्षांची भर पडली होती.

'सागरपार प्रांत' या शब्दजाळाचा दुसरा अंक आफ्रिकेत रंगला. नोव्हेंबर १९६५ मध्ये ऱ्होडेशियाच्या गोऱ्या अल्पसंख्याकांनी काळ्या बहुसंख्य जनतेला डावलून एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. डिसेंबर १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने आपल्या इतिहासातले पहिले बंधनकारक आर्थिक निर्बंध त्या राजवटीवर लादले. ब्रिटनच्या युद्धनौका मोझांबिकच्या बैरा बंदराबाहेर तेलवाहू जहाजे अडवीत वर्षानुवर्षे गस्त घालीत होत्या. जग पाहत होते की केवढा हा निर्धार! पण त्याच मोझांबिकच्या दक्षिण टोकाला लॉरेंसो मार्क्स बंदर मोकळे होते. पोर्तुगालच्या या 'सागरपार प्रांता'तून आणि दक्षिण आफ्रिकेतून ऱ्होडेशियाला तेल पोहोचतच होते. ब्रिटिश सरकारनेच नेमलेल्या बिंगहॅम चौकशीचा अहवाल १९७८ मध्ये बाहेर आला, तेव्हा हे तेल शेल आणि बीपी या कंपन्यांच्या उपकंपन्यांमार्फत जात होते आणि ब्रिटनच्या राज्यकर्त्यांना त्याची कल्पना होती, हे उघडकीस आले. समोरच्या दारावर आरमार उभे होते आणि मागच्या दाराने मक्तेदार कंपन्या माल पोहोचवीत होत्या. अमेरिकेने तर १९७१ मध्ये रीतसर कायदा करून ऱ्होडेशियाच्या क्रोमियमची आयात पुन्हा खुली केली.

हे मागचे दार बंद केले कुणी? २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला. पोर्तुगालचा 'प्रांत' म्हणून ज्याच्या भूमीतून निर्बंधांना सुरुंग लावला जात होता, तोच देश सामोरा माशेल यांच्या नेतृत्वाखाली आपल्या भूमीचा मालक बनला. ३ मार्च १९७६ रोजी त्याने ऱ्होडेशियाची सीमा बंद केली. जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी हा एक देश होता. रेल्वे आणि बंदरे यांच्या वाहतुकीचे उत्पन्न हा त्याचा मोठा आधार होता, आणि तो आधार त्याने आपल्या हाताने सोडला. बदल्यात त्याला ऱ्होडेशियाच्या फौजांचे हल्ले आणि तिच्या गुप्तहेर खात्याने उभ्या केलेल्या टोळ्यांचा उच्छाद सोसावा लागला. जे ब्रिटनच्या आरमाराने केले नाही, ते एका नुकत्याच मुक्त झालेल्या, दरिद्री, पण स्वाभिमानी राष्ट्राने केले. त्यालाच झिम्बाब्वेच्या लढवय्यांच्या सशस्त्र संग्रामाची जोड मिळाली, आणि एप्रिल १९८० मध्ये तो देश स्वतंत्र झाला.

लखनौ, गोवा आणि मोझांबिक यांना जोडणारे सूत्र हे आहे. परकीय सत्तेच्या हुकमाने सागरपार प्रदेशावर लादलेले निर्बंध एक तर गळके निघतात, नाही तर तिथल्या गरिबाच्या गळ्याचा फास बनतात. तोच निर्बंध तेथील मुक्त जनता स्वतःच्या निर्णयाने, किंमत मोजण्याच्या तयारीने स्वीकारते तेव्हा तो मुक्तीचे हत्यार बनतो. म्हणून कोणत्याही निर्बंधाला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. तो कुणी मागितला? त्याची झळ कुणाला बसते? आणि कोणाच्या नफ्याचे दार त्यात जाणूनबुजून उघडे ठेवले आहे?

या तीन प्रश्नांपुढे आजची परिस्थिती उभी करून पाहावी. ब्रिटनच्या ताब्यात आजही सागरापलीकडचे चौदा प्रदेश आहेत. लंडनने एखाद्या देशावर निर्बंध लादले की राजाच्या नावाने काढलेल्या फर्मानाने ते यांतल्या बहुतेक प्रदेशांना लागू होतात; बर्म्युडा आणि जिब्राल्टर तेवढे आपले कायदे आपण करतात. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. पण केमन बेटे आणि ब्रिटिश व्हर्जिन बेटे ही याच चौदांतली आहेत. जगभरच्या धनदांडग्यांनी आपली नावे झाकून तेथे कंपन्या थाटल्या आहेत, हे २०१६ मध्ये पनामाच्या कागदपत्रांनी जगापुढे आणले. या कंपन्यांच्या खऱ्या मालकांची नावे सर्वांना पाहता यावीत असे ब्रिटिश संसदेने २०१८ मध्ये ठरविले, तरी त्यासाठी दिलेल्या मुदती एकामागून एक उलटून गेल्या. ऱ्होडेशियाच्या काळातले मागचे दार आता पैशाच्या वाहतुकीसाठी उघडे आहे. याच चौदांत हिंदी महासागरातील चागोस बेटे मोडतात. १९६५ मध्ये ती मॉरिशसपासून तोडली गेली, आणि १९६८ ते १९७३ या काळात दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ उभारण्यासाठी तेथील रहिवाशांना बेटांवरून हुसकून लावले गेले. हा कब्जा बेकायदा असल्याचे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिले. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या, पण त्यातही ९९ वर्षांपर्यंत तळ राखण्याची तरतूद आहे. ज्या बेटांवर रहिवासीच उरू दिले नाहीत, तेथेही लंडनचे निर्बंध नियमाने 'लागू' होत आले. निर्बंधांच्या या व्यवस्थेत माणसाची किंमत किती, याचा याहून बोलका पुरावा शोधावा लागणार नाही.

अमेरिकेने तर सागरपार प्रदेश ताब्यात ठेवण्याचीही गरज उरू दिलेली नाही. जगाचा व्यवहार डॉलरमध्ये चालतो, म्हणून सारे जगच आपला सागरपार प्रांत आहे, अशी तिची वागणूक आहे. १९६२ पासून क्यूबाची नाकेबंदी चालू आहे. १९९६ च्या हेल्म्स-बर्टन कायद्याने क्यूबाशी व्यवहार करणाऱ्या तिसऱ्या देशांच्या कंपन्यांवरही खटले भरण्याची सोय झाली. संयुक्त राष्ट्रांची आमसभा १९९२ पासून ही नाकेबंदी उठविण्याचे ठराव प्रचंड बहुमताने करीत आली आहे. १९९० ते २००३ या काळात इराकवर लादलेल्या निर्बंधांनी सद्दाम हुसेनची सत्ता हलली नाही, पण इराकी घराघरांतले औषध आणि अन्न हिरावले गेले. क्यूबाच्या कामगाराने हे निर्बंध मागितले नव्हते, इराकी मातेने मागितले नव्हते. पहिल्याच प्रश्नावर हे निर्बंध नापास होतात. म्हणून दक्षिण आफ्रिकेवरील निर्बंधांना पाठिंबा आणि क्यूबावरील निर्बंधांना विरोध यांत विसंगती नाही. दोन्ही ठिकाणी बाजू घेतली आहे ती जनतेचीच.

भारताच्या राज्यकर्त्या वर्गाचे वर्तन या कसोटीवर कसे उतरते? मे २०१९ मध्ये अमेरिकेने इराणच्या तेलावरील सवलत काढून घेताच भारताने इराणकडून तेल घेणे बंद केले. भारताच्या संसदेत त्यासाठी कोणताही कायदा झाला नव्हता, संयुक्त राष्ट्रांचा कोणताही ठराव नव्हता. १९३५ मध्ये इटलीशी व्यापार बंद करण्याचा हुकूम लंडनहून आला होता, २०१९ मध्ये इराणशी व्यापार बंद करण्याचा इशारा वॉशिंग्टनहून आला. त्या वेळी देश गुलाम होता, एवढी तरी सबब होती. एकदा मान तुकवली की दुसऱ्यांदा हुकूम काढणाऱ्याला संकोच राहत नाही. ऑगस्ट २०२५ ची दंडात्मक जकात हे त्याच शरणागतीचे पुढचे पाऊल होते. तेल कुणाकडून घ्यावे याची चर्चा तेलकंपन्यांच्या नफ्याच्या हिशेबाने होते. दंड मात्र निर्यातीच्या मालावर पडतो, आणि तो माल विणणारे, शिवणारे, घासणारे हात त्या चर्चेत कुठेच नसतात.

येथे एका धोक्याकडेही लक्ष वेधले पाहिजे. अमेरिकेच्या दंडेलीला विरोध करताना निर्यातदार भांडवलदार आणि त्यांच्याकडे राबणारा कारागीर यांचे हितसंबंध एकच असल्याचा भास निर्माण केला जातो. निर्यातदारांना सवलतीची कर्जे, व्याजमाफी, परतावे मिळतात. त्यांतला किती हिस्सा नगावर मजुरी घेणाऱ्या स्त्रीपर्यंत पोहोचतो, याची विचारणा कुणी करीत नाही. गोव्याच्या नाकेबंदीत खाणमालकाने आपला मार्ग शोधला आणि कुळाला तो सापडला नाही, हा धडा विसरता कामा नये. राष्ट्राचा स्वाभिमान आणि कष्टकऱ्यांची भाकर या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. त्या एकत्र मांडल्या तरच पहिलीला बळ येते.

यातून काही ठोस मागण्या निघतात. संयुक्त राष्ट्रांचा आधार नसलेले कोणत्याही देशाचे एकतर्फी निर्बंध भारत पाळणार नाही, असे सरकारने संसदेत जाहीर केले पाहिजे. क्यूबावरील नाकेबंदीविरुद्ध आमसभेत मत देऊन न थांबता, तिला औषधे, धान्य व कर्ज यांच्या रूपाने प्रत्यक्ष मदत दिली पाहिजे. परकीय निर्बंधांमुळे ज्यांचा रोज बुडतो त्यांना थेट भरपाई देणारा निधी उभारला पाहिजे, आणि त्याचा भार ज्यांनी स्वस्त तेलावर नफा कमावला त्यांच्यावर टाकला पाहिजे. घरी बसून नगावर काम करणाऱ्या प्रत्येक स्त्रीची कामगार म्हणून नोंद झाली पाहिजे, कारण जिची नोंदच नाही तिला भरपाई कुणी कशी देणार?

ही शेवटची मागणी दिसायला लहान आहे. पण लखनौपासून सोलापूरपर्यंत कामगार संघटनांनी आपल्या कामाचा आरंभ तिच्यापासूनच केला पाहिजे. वस्तीवस्तीत जाऊन, घरोघर नावे लिहून घेऊन, कोणत्या महिन्यात किती काम बुडाले याचा हिशेब मांडणे हे आजचे निकडीचे काम आहे. १९३६ मध्ये लखनौला जमलेल्या शेतकरी प्रतिनिधींनी जमीनदाराच्या बेदखलीला विरोध आणि अबिसीनियाला पाठिंबा यांत अंतर मानले नाही. आजच्या चळवळीनेही क्यूबाची नाकेबंदी आणि चौकातल्या कारागीर स्त्रीची बुडालेली मजुरी यांत अंतर मानू नये. वॉशिंग्टनच्या हुकमाला देशाने खंबीरपणे नकार द्यायचा असेल, तर त्या नकाराची किंमत एकट्या कारागिराला मोजावी लागू नये, याची व्यवस्था आधी झाली पाहिजे.